खेळात बुजवलेलं बावखल

मला कोणी विचारलं, "संध्याकाळी काय करता?" तर मी सांगतो, "काही नाही, घरीच असतो." आता बावन्न वर्षांच्या माणसाने दुसरं काय सांगायचं? की मी शहरं बांधतो? रस्ते आखतो, नळाच्या लाइन टाकतो, बसचे थांबे ठरवतो, आणि हे सगळं गोखिवऱ्याच्या फ्लॅटमध्ये, कपाट आणि खिडकी यांच्यामधल्या दोन हात जागेत बसून? लोक हसतात. एकदा सोसायटीच्या मीटिंगमध्ये चुकून बोलून गेलो, तर सेक्रेटरी म्हणाले, "मग आपल्या गेटसमोरचा खड्डा पण बुजवा की राव." तेव्हापासून तोंड बंद.

सुरुवात झाली ती मुलीमुळे. ती नोकरीसाठी पुण्याला गेली आणि तिचा मोठा कॉम्प्युटर इथेच ठेवून गेली. त्यावर शहर बांधायचा एक खेळ होता. एका रविवारी सहज उघडला. पहिल्याच शहरात मी नदीवर पाण्याचा पंप बसवला आणि त्याच्या वरच्या अंगाला सांडपाण्याची लाइन सोडली. अर्ध्या तासात सगळं गाव आजारी. घराघरावर लाल खुणा, रुग्णवाहिका धावतायत, माणसं गाव सोडून चाललीत. मला इतकी लाज वाटली की आजूबाजूला बघून ते शहरच पुसून टाकलं. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "काय झालं हो? असे गप का?" मी म्हटलं, "काही नाही, बंद पडलं." ती शाळेत शिकवते, तिला खोटं लगेच कळतं. पण तिने सोडून दिलं.

मग पाच-सहा वर्षांत असे बरेच खेळ झाले. एकात जुन्या काळची वस्ती असते. माणसं डोक्यावरून धान्याच्या टोपल्या वाहतात, आणि कोठारात धान्य किती आहे ते न बघता घरं वाढवलीत की उपासमार होते. तो खेळ खेळलो की मला जरा शिस्त लागते. दुसऱ्यात जिंकणं-हरणं काही नाहीच. समुद्रात रंगीत घरं ठेवत जायचं, एकाला लागून एक, बस. कारखान्यात साहेबांशी वाजलं की त्या दिवशी मी तो लावतो. पण माझा जीव जडलाय तो तिसऱ्यावर. त्यात आजच्यासारखं शहर असतं, गाड्या, सिग्नल, शाळा, कचऱ्याचे डंपर, सगळं. समोर मोकळी जमीन येते. तुम्ही पहिला रस्ता ओढता. थोडा वेळ काहीच होत नाही. मग त्या रस्त्याच्या कडेला आपोआप एक घर उभं राहतं, कोणीतरी गाडीतून सामान घेऊन येतं. कोण ते माणूस, त्याने आपलंच गाव का निवडलं, काही कळत नाही. पण अहो, काय बरं वाटतं म्हणून सांगू! कोणीतरी विश्वास टाकला आपल्यावर.

आमच्याकडे नळाला दिवसाआड तासभर पाणी. कोपऱ्यावरचा रस्ता एकदा केबलसाठी खणला, एकदा गॅससाठी, आणि तिसऱ्यांदा कशासाठी ते खणणाऱ्यालाही माहीत नव्हतं. मी विचारलं तर म्हणाला, "साहेब, खड्डा करायला सांगितलाय." मी कारखान्यात प्लॅस्टिकच्या झाकणांचे साचे सांभाळतो. तिथेही माझं कोणी ऐकत नाही. तर अशा माणसाला घरी येऊन पाइपलाइन ओढायची, आणि ओढल्याबरोबर प्रत्येक घरात पाणी पोचलेलं बघायचं, यात किती सुख आहे ते ज्याने बादल्या भरल्यात त्यालाच कळेल. चौक तुंबला की तिथे वळणरस्ता काढायचा आणि गाड्या सुटताना बघत बसायचं. मी अर्धा अर्धा तास नुसता एक चौक बघत बसलोय. आणि सगळ्यात मोठं म्हणजे चूक मागे घेता येते. चुकलं की बाणावर टिचकी, नाहीतर कालची फाइल उघडायची. घर पुन्हा उभं, झाड पुन्हा उभं, कोणी तक्रार करायला येत नाही.

घरात या सगळ्याची टिंगलच. "आयुक्तसाहेब, चहा निवतोय," हे बायकोचं रोजचं वाक्य. मुलगी फोनवर विचारायची, "बाबा, तुमच्या शहरात मेट्रो आली का? इथे अजून खणतायत." मी हसण्यावारी न्यायचो. पण आत कुठेतरी लागायचं. एखाद्या माणसाला गाणं येतं, एखाद्याला बुद्धिबळ. मला हे येत होतं, चांगलं येत होतं, आणि ते येतं हे घरात कोणाच्या गावीही नव्हतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी जे केलं त्याचं मूळ यातच आहे.

सासरे आमच्याकडे राहायला आले ते सासूबाई गेल्यावर. त्यांची वाडी होळी गावात. केळी, विड्याची पानं, तोंडली, आणि कडेने चाफ्याची चार झाडं. घर वाडीच्या आत. मुख्य रस्त्यापासून घरापर्यंत दोन माणसं शेजारीशेजारी चालू शकणार नाहीत एवढी पायवाट, आणि ती पायवाट बावखलाच्या काठाने जायची. बावखल म्हणजे वाडीतलं तळं. प्रत्येक जुन्या वाडीत एक तरी असायचं. पावसाचं पाणी त्यात साठतं, हळूहळू जमिनीत मुरतं, आणि शेजारच्या विहिरीचं पाणी भर उन्हाळ्यातही गोड राहतं. समुद्र आणि खाडी दोन्ही जवळ. गोडं पाणी कमी पडलं की जमिनीखालून खारं आत शिरतं. हे मला आज माहीत आहे. तेव्हा मी फ्लॅटमध्ये वाढलेला माणूस, मला बावखल म्हणजे डासांचं घर वाटायचं. लग्नानंतर पंचवीस वर्षं त्याच्या काठाने सासुरवाडीला गेलो, पण एकदाही विचारलं नाही की हे कशासाठी आहे.

सासूबाईंच्या छातीत दुखायला लागलं ते दुपारी. रुग्णवाहिका वेळेवर आली, पण मुख्य रस्त्यावर थांबली. आत यायला वाट नव्हती. सासऱ्यांचे चुलतभाऊ शेजारीच राहतात. ते आणि त्यांचा मुलगा, दोघांनी सासूबाईंना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून उचललं. बावखलाच्या कडेला चिखल, एक एक पाऊल जपून टाकायचं. सासरे पुढे चालत वाटेवरची केळीची पानं बाजूला करत होते. रस्त्यावर पोचेपर्यंत त्या गेल्या होत्या. हे मला बायकोने सांगितलं. सासऱ्यांनी या विषयावर माझ्याशी एक शब्द काढला नाही.

आमच्याकडे आल्यावरही त्यांचा दिनक्रम मोडला नाही. सकाळी सहाला रिक्षा, मग बस, होळीला. दुपारी जेवायच्या वेळेला परत. पायाला माती, पिशवीत तोंडली. बायकोशी ते त्यांच्या घरच्या बोलीत बोलायचे, ती मला इतक्या वर्षांनीही अर्धीच कळते. माझ्याशी मात्र शाळेतल्या पुस्तकासारखं मराठी, आणि "तुम्ही". जावयाचा मान! मला अवघडल्यासारखं व्हायचं. मी साडेचारला कारखान्यातून आलो की तासभर आम्ही दोघंच घरात, आणि बोलायला विषय नाही.

एक दिवस मी खेळायला बसलो होतो तर मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. सासरे येऊन बसले होते. मी चटकन बंद करायला गेलो.

"असू दे, असू दे," ते म्हणाले. "काय चाललंय?"

"काही नाही बाबा. टाइमपास."

"हा रस्ता इथे उगाच वळवलात," ते म्हणाले. "उतार तिकडे आहे. पाणी कुठून जाईल?"

मी वळून बघितलं. त्यांनी चष्मा लावला होता. टिंगल नव्हती, चेहरा अगदी गंभीर. मी म्हटलं, "बरोबर आहे तुमचं," आणि रस्ता बदलला. त्यानंतर ते रोज बसायला लागले. चहाचा कप मांडीवर, नजर पडद्यावर. "ही माणसं खातात काय? शेत कुठे आहे यांचं?" "एवढ्या इमारती, आणि एक विहीर नाही?" "यांच्याकडे कोणी आजारी पडत नाही वाटतं?" मी सगळं समजावून सांगायचो. खोटं कशाला बोलू, मी नुसता फुलून जायचो. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या शहराबद्दल कोणीतरी खरा प्रश्न विचारत होतं. कारखान्यातून मी धावतपळत घरी यायला लागलो. बायको म्हणाली, "आता तुम्हाला उपायुक्त पण मिळाले." तीही खूश होती, बाबा बोलायला लागले म्हणून.

असे दोन महिने गेले. जानेवारीत वाडीचा विषय निघाला. चुलतभावाच्या मुलाला मागच्या तुकड्यावर घर बांधायचं होतं, आणि तिथपर्यंत गाडी जाईल असा रस्ता हवा होता. रस्त्याला जागा एकच, बावखलाची. ते बावखल चार घरांच्या सामाईक मालकीचं. तिघांनी सह्या दिल्या होत्या. चौथी सासऱ्यांची राहिली होती. चुलतभाऊ घरी येऊन बसले आणि म्हणाले, "दादा, रस्ता असता तर वहिनी वाचली असती." बायको म्हणाली, "बाबा, तुम्हाला पटेल ते करा." तीन आठवडे सासरे हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. तेवढे दिवस माझ्या मागे येऊनही बसले नाहीत. गॅलरीत बसायचे, रस्त्याकडे तोंड करून.

मग एका शनिवारी, मी जेवून उठल्यावर, ते आत आले. बायको शाळेच्या सहलीबरोबर गेली होती.

"तुमच्या खेळात आमची वाडी काढता येईल?" त्यांनी विचारलं.

येईल म्हणजे काय! माझ्या अंगात वारं शिरलं. मी मोकळा नकाशा घेतला, एका बाजूला समुद्र, एका बाजूला खाडी. मुख्य रस्ता ओढला. ते सांगत गेले. इथे वळण, इथे चुलतभावाचं घर, इथे आमचं, इथे पायवाट. खेळात पायवाट असते, ती टाकली. केळी नव्हती, तर नारळासारखी दिसणारी झाडं लावली. शेवटी जमीन खणून पाणी भरलं आणि बावखल केलं. ते म्हणाले, "जरा मोठं. पूर्वेला पोट आहे त्याला." मी पूर्वेला पोट काढलं. दोन तास गेले. ते बोट काचेजवळ नेत होते पण लावत नव्हते.

"आता हे बुजवून दाखवा," ते म्हणाले. "आणि रस्ता करा. काय होतं ते बघू."

मी बुजवलं. मातीचं हत्यार घेतलं आणि तीन टिचक्यांत जमीन सपाट केली. वरून डांबरी रस्ता ओढला. मग काळ पुढे पळवला, तीन पट वेगाने. एक वर्ष, दोन वर्षं. रस्त्यावर गाड्या आल्या. मागच्या तुकड्यावर घर उभं राहिलं, मग त्याच्या शेजारी आणखी दोन. हॉस्पिटलची गाडी आली, सरळ दारापर्यंत गेली आणि परत गेली. सासऱ्यांनी श्वास घेतल्याचा आवाज मला ऐकू आला.

तेवढ्यात दोन घरांवर लाल खूण आली. पाण्याच्या थेंबाची.

"ते काय आलं?" त्यांनी विचारलं.

ती खूण म्हणजे घराला पाणी पुरत नाही. का पुरत नाही ते मी तपासायला हवं होतं. मी तपासलं नाही. दोन तास सगळं कसं झकास चाललं होतं, आणि त्या एका खुणेने माझ्या शहराला उणेपणा आला असं मला वाटलं. मी पटकन खाडीजवळ एक पंप बसवला, पाइप जोडला, आणि खूण गेली.

"काही नाही," मी म्हटलं. "पंप लावला की जातं ते."

"म्हणजे काही होत नाही."

"काही होत नाही बाबा. बघा ना, सगळं हिरवं आहे."

ते थोडा वेळ बघत राहिले. मग उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि चहा टाकायला गेले. त्यांनी स्वतः चहा केला. सोमवारी होळीला गेले आणि सही देऊन आले. बायकोला त्यांनी एवढंच सांगितलं, "केली." आम्ही खेळात काय बघितलं ते तिला त्यांनी सांगितलं नाही, मीही सांगितलं नाही. मला तर तेव्हा अभिमानच वाटत होता, पण तो मनातल्या मनात.

मार्चमध्ये डंपर आले. चार दिवसांत बावखल भरलं. पाचव्या दिवशी त्यावर रोलर फिरत होता. मी बघायला गेलो नाही, कारखान्यात काम होतं. खरं सांगायचं तर नसतं तरी गेलो नसतो.

त्या पावसाळ्यात वाडीत पाणी आठवडाभर उभं राहिलं. चुलतभाऊ म्हणाले, नवीन भराव आहे, बसेल हळूहळू. केळीची एक रांग सडली. खरं ते पुढच्या उन्हाळ्यात कळलं. त्या वाड्यांमधून एक जुनी रीत आहे. चैत्र लागला की रोज सकाळी विहिरीचं पहिलं पाणी आधी माणसाने चाखायचं, मगच झाडाला द्यायचं. चूळ भरून तोंडात धरायची, थांबायचं, मग थुंकायची. पाण्यात खारेपणा आला तर जिभेला झाडाच्या आधी कळतो. सासरे ही रीत आयुष्यभर पाळत आले होते. एका दुपारी ते आमच्या घरी आले, पाय धुतले, आणि बायकोला म्हणाले, "पाणी उतरलंय." तिने विचारलं, "म्हणजे विहीर आटली?" ते म्हणाले, "नाही. मचूळ लागतंय."

त्या संध्याकाळी ते मागे येऊन बसले नाहीत. मी एकटाच त्या वाडीची फाइल उघडून बसलो. खेळात पाण्याचे जेवढे नकाशे होते तेवढे सगळे उघडले, जमिनीखालचे, नळाचे, सांडपाण्याचे, सगळे. त्यात गोडं आणि खारं हा भेदच नव्हता. समुद्रातून पंपाने उचललं तरी ते घरात गोडंच. दोन-तीन वर्षं रोज खेळत होतो मी हा खेळ, आणि माझ्या लक्षातही आलं नव्हतं. मी बावखल परत खणलं, पाणी भरलं, झाडं लावली. तीन मिनिटांत वाडी होती तशी झाली. मला स्वतःचा इतका राग आला की मी ती फाइल उडवून टाकली.

आठ दिवस मी बायकोला सांगू सांगू म्हणून गप्प राहिलो. ती रोज विचारायची, "बाबांनी कसं काय हो म्हटलं? त्यांना पाण्यातलं एवढं कळतं!" मी वर्तमानपत्र वाचायचो. तिला वाटायचं, बाबांना आईच्या दुःखाने काही सुचलं नसेल. मी तसं वाटू दिलं. भेकडपणा, दुसरं काय.

पुढच्या रविवारी मी सासऱ्यांबरोबर होळीला गेलो. नव्या रस्त्याने गाडी सरळ विहिरीपर्यंत गेली. पानवेली बघवत नव्हत्या. पानांच्या कडा तपकिरी पडून आत वळल्या होत्या. कोवळी पानं येत होती ती पिवळीच. सासऱ्यांनी विहिरीतून कळशी काढली, चूळ भरली, थांबले, थुंकली. मग कळशी माझ्यापुढे धरली. मी ओंजळभर तोंडात घेतलं. गिळवलं नाही.

चुलतभाऊ त्यांच्या अंगणातून आले. त्यांचीही तोंडली गेली होती. ते आधी हळू बोलत होते, मग आवाज चढला. "दादा, सगळ्यात शेवटी तू सही केलीस. तू नाही म्हणाला असतास तर आम्ही कोण होतो? पाण्यातलं तुला कळतं. आम्ही तुझ्याकडे बघून होतो." सासरे कळशी हातात धरून उभे. मान खाली. सत्तरी उलटलेला माणूस, आणि शाळेत उभं केल्यासारखा. मला ते बघवलं नाही.

"त्यांना बोलू नका," मी म्हटलं. "मी सांगितलं त्यांना. काही होत नाही म्हणून मी सांगितलं. कॉम्प्युटरवर करून दाखवलं."

"कॉम्प्युटरवर? कशावर?"

"खेळ आहे एक. शहर बांधायचा." मी म्हटलं. "त्यात पाणी कमी पडल्याची खूण पण आली होती. यांनी विचारलं पण होतं, ते काय आलं म्हणून. मी लपवली."

चुलतभाऊ माझ्याकडे बघतच राहिले. "खेळ खेळून बावखल बुजवलं तुम्ही?"

"गप बसा," सासरे म्हणाले. मला वाटलं चुलतभावांना म्हणाले. पण ते माझ्याकडे बघत होते. एवढ्या वर्षांत ते मला असं कधी बोलले नव्हते. "काय समजता तुम्ही? साठ वर्षं या विहिरीचं पाणी काढलं मी. बावखल बुजवल्यावर काय होतं ते मला तुमच्या खेळाने सांगायचं? मला माहीत होतं. सही करताना माहीत होतं. ती खूण आली तेव्हाही कळलं मला काय आलं ते."

"मग विचारलंत कशाला?" मी म्हटलं.

त्यांनी कळशी खाली ठेवली. रस्त्याकडे, म्हणजे जिथे बावखल होतं तिकडे बघून बोलले. "तिला खुर्चीत बसवून नेलं ना, तेव्हापासून मला त्या पाण्याकडे बघवत नव्हतं. रोज सकाळी यायचो आणि ते दिसायचं. बुजवलं तर वाडी जाते हे मला कळत होतं. ठेवलं तर मी जगत नव्हतो. कोणीतरी 'काही होत नाही' म्हणायला हवं होतं. पोरीला विचारलं असतं तर ती रडली असती. याला विचारलं असतं तर याला स्वतःचा रस्ता हवाच होता. तुमच्या मागे बसून दोन महिने बघत होतो. तुमच्या गावात काही मरत नाही. झाड मरत नाही, विहीर मरत नाही, माणूस जातो तो कुठे जातो ते दिसतसुद्धा नाही. म्हणून तुमच्याकडे आलो. तुम्ही 'काही होत नाही' म्हणणार हे ठाऊक होतं मला."

मला वाटत होतं, एवढ्या वर्षांत एका माणसाने माझं शहर मनावर घेतलं. त्या माणसाने माझ्याकडून फक्त खोटं मागून नेलं होतं, आणि मी ते छाती फुगवून दिलं होतं. मला रडू आलं. चुलतभाऊ त्यांच्या अंगणात परत गेले. सासऱ्यांनी वेलींवरची करपलेली पानं खुडायला घेतली, मीही घेतली. किती वेळ खुडत होतो कोण जाणे. ऊन डोक्यावर आलं.

"चला," ते शेवटी म्हणाले. "घरी जाऊ."

घरी आल्यावर मी बायकोला सगळं सांगितलं, खुणेसकट. तिने ताटं मांडली. मग म्हणाली, "आधी जेवून घ्या दोघं." जेवण झालं. मी पलंगावर आडवा झालो होतो, भिंतीकडे तोंड करून. सासरे दारात आले, चष्मा लावलेला, हातात चहाचा कप.

"लावा जरा तो," ते म्हणाले.

"नको बाबा. आता नाही खेळवत मला."

"लावा," ते म्हणाले. "मला बसायचंय."

मी उठलो. कॉम्प्युटर सुरू केला, त्यांना खुर्ची ओढून दिली. नवा नकाशा उघडला. मोकळी जमीन, मधून नदी, अजून एक रस्ता नाही. ते पुढे वाकून बघत होते.

"यात पाणी गोडंच असतं ना?" त्यांनी विचारलं.

"हो बाबा," मी म्हटलं. "सगळीकडे गोडंच असतं."